अठराव्या नंबरचं स्थळ

ताईसाठी मी शोधलेलं पहिलं स्थळ विवाहित होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या ज्ञातिमंडळाच्या पुरुष सभासदांची वही मी ऑफिसच्या नव्या संगणकात भरली होती (साहेबांना वाटे, पोरगा जादा काम करतोय). एस्क्यूएल नावाच्या भाषेत अटी घातल्या की संगणक नको ती नावं गाळून हवी तेवढीच देतो, हे मी जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं, की मी तोंड उघडलं की आई आमटी आणायला उठे. ताईचं जमल्याशिवाय माझा नंबर लागणार नव्हता, म्हणून हा उत्साह.

"मुलुंड नाहीतर घाटकोपर," ताई म्हणाली. "आईपासून लांब नको. आणि पस्तिशीच्या आतला बघ रे. मागच्याला कवळी होती."

मी अट लिहिली: मुलुंड किंवा घाटकोपर आणि अविवाहित आणि वय पस्तीसच्या आत. यादी छापून येताच बाबांनी कोट चढवला, मला सोबत घेतलं आणि आमच्या मुलुंडमधलंच पहिलं घर गाठलं.

कडेवर मूल घेतलेल्या बाईंनी दार उघडलं. बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं. "दळवींसाठी स्थळ घेऊन आलोय. आपण वहिनी का त्यांच्या?"

"बायको. आधी कळवायचं ना, मी माहेरी गेले असते."

बाबांनी खिशातली यादी काढून पुन्हा पाहिली. "संगणक चुकत नाही," मी म्हणालो.

बाईंनी यादी मागून घेतली. "तिसरे ते आजोबा, काठी घेऊन फिरतात. आणि अठरावं तर तुमचंच नाव आहे, काका. काकूंना विचारलंत का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी मात्र चहा केला आणि हसू आवरत ताईची पत्रिका ठेवून घेतली. त्यांचा भाऊ लग्नाचा होता.

चूक मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळली. संगणक 'आणि' आधी जोडतो, 'किंवा' नंतर. त्यामुळे सगळ्या अटी एकट्या घाटकोपरला लागल्या आणि मुलुंडचे पुरुष सरसकट उपवर ठरले. 'मुलुंड किंवा घाटकोपर' एवढं कंसात घालायचं राहिलं होतं.

ताईचं लग्न त्या भावाशीच झालं. तो राहायचा नाहूरला, मुलुंडच्या अगदी शेजारी. माझी अट बिनचूक असती तर तो जन्मात सापडला नसता.

बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, "जावई आमच्या कॉम्प्युटरनं काढला." मी गप्प बसतो. फक्त तेव्हापासून कंस घालायला विसरत नाही (गरज नसली तरी).