शांताक्काच्या पाठीला पाय

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, डोकं मागून. आणि अक्कल, माझी नात म्हणते, अजून वाटेत आहे. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची आमच्या कोल्हापुरात रीत. त्या जोरावर नव्वदच्या दशकात, चांगली चाळिशीतली बाई असूनही, मी गल्लीची डॉक्टरीण होऊन मिरवायची. त्याच तोऱ्यात मी शांताक्काच्या पाठीत लाथ घातली.

शांताक्का शेजारची, गुळाच्या व्यापाऱ्याची बायको. कंबर कित्येक वर्षं दुखत होती. उंबरा ओलांडताना दोन्ही हातांनी चौकट धरायची, जेवायची उभ्यानं. "खाली बसले आन् उठताच न्हाय आलं तर गं?" हे तिचं पालुपद. एक्स-रेच्या फोटोत काही दिसत नाही म्हटल्यावर घरच्यांनी विचारणंच सोडलं. जाऊ तर तिला ऐकू जाईल असं म्हणायची, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" तेव्हापासून शांताक्का कण्हायची तीही तोंडात पदर धरून. एकदा मला म्हणाली, "दुखण्याचं काय न्हाय गं. उद्या हातरुणातच राहिले तर ह्यास्नी मी नकोशी होईन, त्येचं भ्या वाटतंय."

ही साधी उसण नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र म्हटलं, "अक्का, भिंतीला धरून उभ्या राहा. पळायला लागाल बघा!"

पाय नुसता टेकवायचा असतो. मी लाथच ठेवून दिली. शांताक्का भिंतीवरून घसरत खाली बसली. "उठता येईना गं!" अशी किंचाळली आणि ढसाढसा रडायला लागली. माणसांनी तिला उचलून आत नेलं आणि मी शूरवीर घरी येऊन कडी लावून बसले. भिंतीपलीकडे आवाज झाला की धस्स व्हायचं, नाही झाला तर जास्तच. बाई कायमची अधू झाली, हेच डोक्यात.

शेवटी धीर करून गेले. शांताक्का दारातच होती, चौकट धरून, पूर्वीसारखीच. मी रडत तिच्या पाया पडले.

पुढं ती जाईपर्यंत रोज दुपारी मी तिच्या पाठीला तेल चोळत राहिले. दुखणं काही गेलं नाही. पण माझा हात धरून ती जेवायला खाली बसायला लागली. त्या दिवशी दारात मला उठवत ती म्हणाली होती,

"लाथंनं न्हाय गं रडले. दुखतंय म्हटल्यापासनं ह्या घरात माझ्या पाठीला कुणी हातसुदिक लावला नव्हता. तू पाय तरी लावलास की."