कडक भाकरीचा आवाज

आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा पत्रकांचं कपाट मोठं आहे. वडिलांचा तुळजापुरात लहानसा छापखाना. लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर हुंड्याविरुद्ध, भानामतीविरुद्ध, मुलींच्या शिक्षणासाठी पत्रकं निघायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरूनच. त्यामुळं वहिनीला तिसरा महिना लागला आणि ती दिवसातून सात-आठ वेळा ओकायला लागली, तेव्हा मी पत्रक लिहिलं.

अंदाजानं नाही लिहिलं. गावातल्या उपकेंद्राच्या सिस्टरांसमोर वही घेऊन बसले. त्यांनी सांगितलं ते साध्या भाषेत उतरवलं. पोट रिकामं ठेवू नका, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. तळणाच्या आणि फोडणीच्या वासापासून लांब राहा. पाणी जेवताना घटाघटा पिऊ नका, मध्ये मध्ये घोट घोट घ्या. पाणीही टिकेना, लघवी कमी झाली, चक्कर आली, तर उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी उठून उभं राहण्याआधीच अंथरुणात काहीतरी कोरडं खा. सिस्टर बिस्कीट म्हणाल्या होत्या. मी बिस्कीट खोडून 'कडक भाकरी' लिहिलं. पातळ थापलेली, तव्यावर भाजून चुलीशेजारी पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी. आमच्याकडं ती टोपलीत कायम असते. बिस्किटाच्या पुड्यासाठी बाईनं कुणाकडं का हात पसरावा?

गुलाबी कागदावर पत्रक छापलं. अंगणवाडीत वाटलं, बाजारात वाटलं. पहिलं वहिनीच्या हातात दिलं.

घरानं ते मनावर घेतलं. भाऊ पुण्याला कामाला, तो फोनवरून रोज विचारायचा. आईनं सकाळची फोडणी बंद केली. वडील कुरकुर न करता दूध-भाकरी खायला लागले. पण वहिनीची ओकारी थांबेना. गालफडं बसली. मंगळवारी सिस्टरांनी वजन केलं आणि कपाळाला आठी घातली. "पुढच्या मंगळवारी आणखी उतरलं तर चिठ्ठी देते. धाराशिवला भरती व्हायचं, सलाईन लावायला."

मला धक्का बसला आणि खरं सांगायचं तर रागही आला. पत्रक चुकलेलं नव्हतं. मग चुकत कोण होतं?

"वहिनी, पहाटे खातेस ना?"

"खाते की, वन्सं."

"उठायच्या आधी?"

"व्हय."

"नक्की?"

"तुमी सांगितलंय तसंच."

ती माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. मी तिला तू म्हणते, ती मला तुम्ही म्हणते. ज्या घरात समानतेवर इतकी पत्रकं छापली, तिथं हे माझ्या कधी कानाला खटकलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे मी ठरवून उठले. वहिनीची खोली म्हणजे मोठ्या खोलीतच पत्र्याचा आडोसा घालून केलेली जागा. आडोशापलीकडं वडील झोपतात. पडदा सारून मी आत गेले. वहिनी डोक्यावरून वाकळ घेऊन बसली होती. मला वाटलं, रडतेय. वाकळ उचलली तर तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा होता. ती तो चावत नव्हती. चोखत होती. गाल फुगलेला, डोळ्यांतून पाणी. तुकडा तोंडात भिजून लगदा झाला होता. माझ्यादेखत तिला उमासा आला आणि तिनं तो लगदा पदरात काढून घेतला. पदराचं ते टोक ओलंच होतं. म्हणजे हा पहिला तुकडा नव्हता.

"अगं, चावत का नाहीस?"

तिनं तोंडावर बोट ठेवलं. मग पुटपुटली, "आवाज येतो, वन्सं."

मला कळेचना. तिनं आडोशाकडं बोट केलं. "मामा जागे असत्यात."

मामा म्हणजे तिचे सासरे, माझे वडील.

"मग? ते काही म्हणाले?"

"कुणी काय म्हणलं न्हाय. पण सासरा उठायच्या आधी सून अंथरुणात बसून कडाकडा चावतीया, बरं दिसतंय का?"

आठ दिवस. आठ दिवस ती कोरडं खाण्याच्या नावाखाली भिजलेला लगदा तोंडात धरून बसत होती आणि रिकाम्या पोटी उठत होती. पत्रकात मी 'खा' लिहिलं होतं. खाण्याला आवाज असतो आणि तो आवाज करायला परवानगी लागते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला कधी कुणाची लागली नव्हती.

मी तशीच बाहेर आले आणि वडिलांसमोर उभं राहून भाषण ठोकलं. कपाटातली पत्रकं काढून दाखवली, तुमच्या सुनेचं भाकरी चावायचं धाडस होत नाही, असं सुनावलं. वडील अंथरुणात उठून बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"म्या काय केलं? म्या कधी एका शब्दानं बोललोय का तिला?"

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "शब्दानं न्हाय बोलत तुमी. तुमी खाकरता."

"काय?"

"पहाटं माझी बांगडी वाजली की खाकरता. भांडं पडलं की खाकरता. तीस वर्षं झाली. घर गप होतंय, तुमाला वाटतं घरात शांतता लई."

वडील काही बोलायला गेले आणि त्यांनी घसा साफ केला. तिथंच थबकले. मला हसू यायला हवं होतं, पण वडिलांकडं बघवलं नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

आईचं बरोबर आहे, अशी मी मान हलवली. आईनं ते बघितलं.

"आन तू गं? तू तर बापाच्या वरची. 'खाल्लंस का? नक्की का?' मास्तरीण छडी घेऊन उभी. खरं सांगायला जागा ठेवलीस का तिला?"

हातातली पत्रकं कुठं ठेवावीत ते सुचेना.

शनिवारी पहाटे मी जागीच होते. बराच वेळ काहीच नाही. मग आडोशामागून अगदी बारीक 'कट' झालं. लगेच वडिलांच्या अंथरुणातून घसा खरवडल्याचा आवाज सुरू झाला आणि अर्ध्यात तुटला. आडोशामागं सगळं थांबलं.

"खा बाळा," वडील अंधारात म्हणाले. आवाज चिरका येत होता. "खा, चावून खा."

थोड्या वेळानं पुन्हा 'कट' झालं. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं. आई उठली आणि मुद्दाम बांगड्या वाजवत चुलीकडं गेली.

ओकारी एकदम गेली नाही. रविवारी दोनदा झाली, सोमवारी तीनदा. पण पहाटेची भाकरी पोटात राहायला लागली, त्यावर लिंबाचं पाणी घोट घोट, दुपारी लाह्या. मंगळवारी काट्यावर उभं राहताना वहिनीनं माझा हात घट्ट धरला होता. वजन उतरलं नव्हतं. तेवढंच होतं. सिस्टरांनी चिठ्ठीचं पुस्तक बाजूला सारलं.

"छान. काय वेगळं केलं या आठवड्यात?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"चावलं," वहिनी म्हणाली.

सिस्टर हसल्या. त्यांना वाटलं, ती थट्टा करतेय.