पायावरची आंघोळ

नात झाली तेव्हा माझे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. जमिनीवर बसायचं नाव नको. आणि माझा तर हट्ट, बाळाला आंघोळ पायावरच घालायची! पाय लांब करून बसायचं, बाळ पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, वरून ऊन ऊन पाणी. टबात बुचकळायला ती काय कोथिंबिरीची जुडी आहे? पण घालणार कोण? सुनेचं सिझेरियन झालेलं, आणि इथे अमेरिकेत, मुलाच्या नोव्हाय गावात, आंघोळ घालणारी बाई कुठून आणू? रडूच आलं मला.

"आई, मी करतो ना. जस्ट टीच मी," मुलगा म्हणाला. बाळासाठी ऑफिसातून लांबलचक रजा घेतली होती त्याने.

"बायकांचं काम आहे ते," हे फोनमधून मान वर न करता म्हणाले.

"बाबा, मुलगी माझी आहे."

सहा फुटी धिप्पाड मुलगा बाथरूमच्या फरशीवर फतकल मारून बसला. मी स्टुलावरून हुकूम सोडत होते. "मान धर! अरे, घाबरतोस काय?" नात आधी किंचाळली, मग गरम पाण्याने अशी सुस्तावली, की त्याच्या पायावरच डोळे मिटले. माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू!

शेजारचे अमेरिकन आजोबा सूपचं भांडं घेऊन आले होते. आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात गेलेलं. तेही यांच्याबरोबर दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मी जन्मलो तेव्हा माझ्या वडिलांना बाळंतपणाच्या खोलीत येऊच दिलं नव्हतं. माझ्या मुलीच्या वेळी मला आत घेतलं, तर मी केवढा मिरवलो! पण डायपर कधी बदलला नाही. कारखान्यात हसले असते ना सगळे." यांनी हातातला फोन खिशात टाकला.

रजा संपली. सोमवारपासून पुन्हा तोच प्रश्न. सकाळी मुलगा कामावर गेला आणि मी नातीला घेऊन हताशपणे बाथरूमशी गेले. बघते तर काय, हे पायजमा मांडीपर्यंत गुंडाळून, पाय पसरून फरशीवर बसलेले. स्वतःच्या मुलाला कधी पाणी न घातलेला माणूस!

"अहो, या वयात? गुडघे?"

"माझे अजून ओरिजिनल आहेत. दे तिला. मान धरायची, माहितेय मला."