हिरवी बोट खिडकीतून उतरली

वित्स्के कॉफीबरोबर एकच बिस्किट द्यायची आणि डब्याचं झाकण लगेच लावायची. पाहुणे गेले की स्वतः दुसरं खायची. सायकलवर शीळ घालायची. सकाळी संग्रहालयाचं दार उघडलं की आधी माडीवर जायची आणि ‘हिरवी बोट’ या चित्राला म्हणायची, “काय बाईसाहेब, झोप झाली?”

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या, कालव्याकाठच्या एका उंच, चिंचोळ्या घरातलं ते संग्रहालय. ती तिथली राखणदार. शंभर वर्षांपूर्वीचं हे एकच चित्र तिथं नाव घेण्याजोगं. पण मागायला कधी कुणी आलं नव्हतं. मग एका फिरत्या प्रदर्शनासाठी टोकियोहून मागणी आली. पॅरिस-बर्लिनच्या चित्रांसोबत जपानमधली शहरं फिरायची. वित्स्के बेकरीतल्या रांगेतही मान ताठ करून उभी राहू लागली.

रंगाचे पापुद्रे नाजूक, म्हणून चित्राची पेटी माडीवरच बांधायची, हा तिचाच हट्ट. निघायच्या सकाळी पेटी जिन्यात वळेना. खाली ट्रक उभा, संध्याकाळचं विमान. पेटी उघडली तर चित्राची तपासणी पुन्हा पहिल्यापासून; आणि विमान चुकलं की बोटीची जागा दुसऱ्या चित्राला.

सुतार ताके म्हणाला, “चित्र राहू दे, जिनाच पाठवू जपानला.”

“तोंड आवर, दोर आण,” वित्स्के म्हणाली. “माझं लग्नाचं कपाट कुठून वर गेलं होतं?”

सगळ्यांनी वर पाहिलं. छपराखालच्या तुळईला लोखंडी हूक होताच. गावातलं सगळं जड सामान तसंच खिडकीतून चढतं-उतरतं. संचालक पोस्टमा पांढरे पडले.

“हूक तुटला तर?”

“आधी मला उतरवा. मी पेटीपेक्षा जड आहे.”

“ते गावाला ठाऊक आहे,” ताके पुटपुटला.

ती खरंच पट्ट्यात बसून खाली आली, पाय हलवत. मग पेटी आली, सावकाश. दोर धरणाऱ्यांत पोस्टमाही होते. पेटी टेकली आणि कालव्याच्या पुलावर जमलेल्या गर्दीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

चित्र गेल्यावर भिंतीवर त्याच्या जागी गडद निळा चौकोन उरला. भोवतीचा रंग विटलेला. “बाईसाहेबांना असल्या भिंतीवर परत टांगायचं?” म्हणत तिनं ब्रश घेतला. रोज थोडं रंगवायची. मधेच आल्यागेल्याला टोकियोतल्या प्रदर्शनाच्या रांगेचा फोटो दाखवायची.

बोट क्योटोला पोचली, त्या आठवड्यात वित्स्के गेली. झोपेतच.

बोट मे महिन्यात घरी येतेय. ताकेनं हुकाला तेल घातलंय. खिडकीकडची हातभर भिंत अजून विटलेलीच आहे. ब्रश डब्यात उभा आहे.