फुग्यांची दाढी

तुम्ही कधी फुग्याची दाढी केली आहे का? नाही ना? मग आमच्या उस्तादाला "आता घरी आराम करा" असं सांगायला येऊ नका. सांगणाऱ्यांची रांग आधीच मोठी आहे, आणि त्यातल्या दोघांशी माझं भांडण झालंय.

उस्ताद म्हणजे चौकातल्या सलूनचा कारागीर. एकतीस वर्षं एकाच खुर्चीमागे उभा. एका सकाळी हातातला वस्तरा गळून पडला, मागोमाग उस्ताद. अर्धांगवायू. दवाखान्यातून घरी आला तेव्हा तोंड वाकडं, पाय ओढत, आणि उजवा हात असा, जणू शेजाऱ्यानं सांभाळायला ठेवलाय.

सलून मेव्हण्याचं. त्यानं साफ सांगितलं, "दाजी, महिनाअखेरीस एका जिवंत माणसाची दाढी रक्त न काढता करून दाखवा. नाहीतर त्या खुर्चीमागे मी दुसरा माणूस उभा करतो."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला. उस्तादानं तो डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला. बाई म्हणाल्या, "उजव्यानं फेका, मग मानते."

मग उस्तादाच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, फुगे आणले. फुग्याला फेस लावायचा, वस्तऱ्यानं काढायचा, फुगा फुटता कामा नये. प्रत्येक फुग्यावर वहिनी पेननं चेहरा काढायच्या. पहिल्या दिवशी अकरा फुटले. फेस पंख्याला, भिंतीला, बघायला गेलेल्या माझ्या चष्म्याला.

"हा कोण होता?" मी विचारलं.

"माझा भाऊ," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

भाऊ रोज चारदा फुटायचा आणि उस्ताद अर्ध्या तोंडानं खदखदायचा. चौथ्या आठवड्यात एकदाचा भाऊ गुळगुळीत होऊन अख्खा सुटला.

परीक्षेच्या दिवशी मात्र खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. चहावाला म्हणाला, "बसलो असतो, पण गळा एकच आहे." माझं डोकं फिरलं. तरातरा जाऊन मीच बसलो. राग उतरला तेव्हा गळ्याभोवती टॉवेल होता.

फेस लागला. वस्तरा गालाला टेकला. आरशात बघतो तर उस्तादाचे डोळे गच्च मिटलेले.

"डोळे उघड," मी ओठ न हलवता म्हणालो.

"सव... सवय लागली. फुटतो ना."

दारातून वहिनी म्हणाल्या, "अहो, हे भावोजी आहेत. हे नुसता आवाज करतात, फुटत नाहीत."

उस्तादाला हसू फुटलं, त्या हसण्यात डोळे उघडले आणि हात चालू लागला.

पन्नास मिनिटं लागली. रक्ताचा थेंब नाही. मेव्हण्यानं माझ्या गालावर उलटा हात फिरवला, खात्री पटेना म्हणून पुन्हा फिरवला. मग खुर्ची झटकत म्हणाला, "उद्या वेळेवर या, दाजी."

आता अडचण एकच. माझ्या एकट्याच्या दाढीवर उस्तादाचा हात किती सुधारणार? तेव्हा एक तास काढून या. दारातून दुसरी खुर्ची. बसा, गाल पुढे करा. डोळे तुम्ही मिटलेत तरी चालेल.