भूतबंगल्याच्या रांगेत

“वाघमारेजी, फिलिंग सेक्शन की नाइट से कब छूटे?”

मेळ्यातल्या भूतबंगल्याच्या अंधारातून भुताचा आवाज आला आणि माझ्यापुढे चालणारे आमचे शेजारी वाघमारे किंचाळले. मागची बायकामुलं आधी ओरडली, मग हसत सुटली. माझी लहानगी नलू माझ्या पायाला बिलगून खिदळत होती. माझं हसू मात्र तिथंच थांबलं. भुताला नाव ठाऊक असेल एक वेळ. पण सेक्शन?

एकाहत्तर सालची गोष्ट. लढाई अजून सुरू व्हायची होती, पण जबलपुरात, आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, डबल शिफ्ट केव्हाच लागली होती. मी तिथे सिक्युरिटीत होतो. फिलिंग सेक्शन म्हणजे तोफगोळ्यांत दारू भरतात ती जागा. तिथे कोण असतं, कधी असतं, हे बाहेर बोलायचं नाही. आणि जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या मेळ्यातलं भूत ते कर्ण्यातून सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले मेजर.

“उठा लो उस भूतवाले को. और वाघमारे का गेट पास रोको.”

“सर, वाघमारे तो खुद डर गया था.”

“एक्टिंग भी हो सकती है.”

पास अडकला की माणूस गेटबाहेर, आणि वर देशद्रोहाचा संशय. मी म्हणालो, “अभी पकड़ेंगे तो खबर देनेवाला सँभल जाएगा, सर. एक शाम दीजिए.”

“एक ही.”

संध्याकाळी साध्या कपड्यांत पुन्हा मेळ्यात गेलो. कुसुम, माझी बायको, वैतागली. “अहो, कालच तर आलो होतो. पुन्हा काहून घेऊन चालले?”

“नलूला आवडलं ना.” खरं कारण आमच्या नोकरीत घरीही सांगायचं नसतं.

रांगेतल्या प्रत्येकाकडे मी संशयानं पाहत होतो. तिकीटवाला कोणाशी बोलत नव्हता. एक बाई टोपली घेऊन शेंगा विकत होती. दाराशी आल्यावर नलू रडवेली झाली. कुसुमनं तिला जवळ घेतलं. “घाबरून काहून राहिली? बाबा कारखान्यात सिक्युरिटीत आहेत ना!”

आत मी काळे पडदे चाचपत निघालो. थोड्याच वेळात कानाशी आवाज आला, “सिक्युरिटीवाले साहब, परदे में क्या ढूँढ रहे हो?”

सगळे आनंदानं किंचाळले. नलू टाळ्या पिटू लागली. मी हातातला पडदा सोडून दिला.

बाहेर पडल्यावर दोघींना पाळण्याकडे पाठवलं आणि रांगेजवळ जाऊन उभा राहिलो. या वेळी चेहरे बघितले नाहीत, रांगेतल्या कारखान्याच्या लोकांचं बोलणं नुसतं ऐकलं. कुठल्या शेडमध्ये नवं मशीन बसलं, वॅगनमध्ये माल कधी चढतो, कोणाकोणाच्या सुट्ट्या रद्द झाल्या. सगळं मोठमोठ्यानं, शेंगा सोलत. मग दिसलं की शेंगावाली टोपली अर्धी भरलेली असतानाच तंबूमागे चालली आहे. मी तिच्या मागोमाग.

तिथे तोंडाला राख फासून तिचा नवरा बंसी, म्हणजे आतलं भूत, उभा होता. ती त्याला सांगत होती, “हरी साड़ीवाली का नाम मालती है. आदमी स्टोर में है.”

मी कोण ते सांगितलं.

“और क्या-क्या सुना?”

तिनं सगळं सांगितलं. मशीन, वॅगन, सुट्ट्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बंसीनं हात जोडले. “ये सब हमारे किस काम का, साहब? हमको तो नाम चाहिए. नाम लो तो आदमी ज़ोर से डरता है, ज़ोर से हँसता है, और कल फिर आता है.”

पोलिसांनी दोघांची कसून चौकशी केली. काही निघालं नाही. वाघमारेंचा पास वाचला. मेजरसाहेबांनी सगळ्या फोरमनना बोलावलं आणि शेंगावालीनं सांगितलेलं मला त्यांच्यासमोर बोलून दाखवायला लावलं.

एका फोरमननं विचारलं, “ये बाहर किसने बताया?”

“आप लोगों ने,” मेजर म्हणाले.

त्यानंतर रांग गप्प झाली. नावं मिळेनात, म्हणून भूत नुसतंच हू हू करू लागलं. गर्दी ओसरली आणि बंसी तंबू गुंडाळून पुढच्या गावी, शहपुऱ्याकडे गेला.

त्या रांगेत शेंगावालीखेरीज आणखी कोणी कान देऊन होतं का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं मात्र समजलं, की गंमत म्हणून घाबरायला निघालेला माणूस सगळ्यात बेसावध असतो. पुढे नोकरीभर मी गेटपेक्षा मेळ्यांवर जास्त नजर ठेवली.