मैमुनाबींचे खडे

मैमुनाबी पळून गेल्या, असं सरकारी कॉम्प्युटर म्हणत होता. आणि इथे मैमुनाबी रोज दुपारी आमच्या क्लिनिकच्या काउंटरवर डबे आपटत होत्या. पळून गेलेली बाई इतक्या वेळेवर डबा आणते का हो कधी? पण कॉम्प्युटरला कोण विचारणार!

मी मृणालिनी. दुबईतल्या बर दुबई भागात एका छोट्या क्लिनिकात रिसेप्शनला बसते. दिवसभर माझं एकच पालुपद, "कार्ड आहे का? इन्शुरन्स कार्ड?" नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा कार्ड मागतेस. माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको.

मैमुनाबी दाभोळ खाडीकडच्या. नवरा गेल्यावर इकडे आल्या आणि शारजा औद्योगिक क्षेत्रात एका बिल्डिंग कंपनीच्या कॅम्पमध्ये स्वयंपाकाला लागल्या. मग २००८ ची ती मंदी आली. सगळीकडे क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचा मालक विमानतळावर गाडी सोडून गुपचूप देशाबाहेर सटकला, सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याच ताब्यात, तेही गेले. जायच्या आधी त्या हरामखोराने एक काम मात्र नीट केलं. कामगारच पळून गेले, अशी तक्रार देऊन ठेवली. म्हणजे त्यांना घरी पाठवायची जबाबदारी त्याच्यावर नको.

"माझी डाळ शिजत होती चुलीवर," मैमुनाबी म्हणायच्या. "दोनशे माणसांची डाळ! आणि मी पळाले म्हणे. पातेलं डोक्यावर घेऊन पळाले काय?"

व्हिसा गेला, पासपोर्ट गेला. मग बर दुबईत मीना बाझारच्या मागे शहनाझच्या खोलीत त्या राहू लागल्या आणि डबे करू लागल्या. शहनाझ श्रीवर्धनची, एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. ती त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. आमचं अख्खं क्लिनिक मैमुनाबींच्या तांदळाच्या भाकरीवर जगत होतं. एकादशीला माझ्यासाठी वेगळ्या कढईत साबुदाण्याची खिचडी. मी न सांगता! कॅलेंडर माझ्यापेक्षा त्यांनाच पाठ.

२०१२ च्या डिसेंबरात सरकारने माफी जाहीर केली. व्हिसा नसलेल्यांनी यावं, दंड न भरता घरी जावं. मी धावत सांगायला गेले. बाई भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.

"माफी कशाची, मृणालताई? चूक केली त्याने माफी मागावी. रांगेत उभं राहून मी पळाले होते असं कबूल करू? नाय जमणार."

"अहो पण घरी तर जाल!"

"जाईन ना. पण पळपुटी म्हणून नाय जाणार."

असला हट्ट! मला राग आला आणि मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग २०१४ उजाडलं आणि दुबईत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, हेल्थ इन्शुरन्सचा नवा कायदा. प्रत्येक मालकाने प्रत्येक कामगाराचा विमा काढायचा, घरकामवालीचासुद्धा. आमचे मॅनेजर प्रकाश सर इथल्या मराठी मंडळाचेही पदाधिकारी, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत. जेवताना म्हणाले, "कायदा उत्तम आहे. फक्त ते इल्लीगल लोक यात घुसता कामा नयेत. त्यांच्यामुळे आपले प्रीमियम वाढतात. आजारी पडायचंच असेल तर आपापल्या गावी पडा ना!"

"सर, भाकरी कशी झालीये?" मी विचारलं.

"फर्स्टक्लास."

"मग जेवा की मुकाट्याने."

त्यांना काही कळलं नाही. घरी हेच सांगितलं तर माझी लेक आभा म्हणते, "मॉम, इज शी इल्लीगल?" मी म्हटलं, इल्लीगल तुझा बाप गाडी चालवतो ते! तोंड धू आणि जेवायला बस.

त्याच उन्हाळ्यात मैमुनाबींच्या पोटात दुखू लागलं. बरगडीखाली उजवीकडून कळ निघायची, थेट पाठीत. डबा ठेवता ठेवता काउंटर धरून उभ्या राहायच्या. त्यांनी आणि शहनाझने ठरवून टाकलं की ही अॅसिडिटी आहे. आपल्याकडे छातीपासून बेंबीपर्यंत जे दुखतं ते अॅसिडिटीच असतं ना! शेवटी शहनाझने स्वतःचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. "खाला, जाऊन ये. एक गोळी तर देतील."

कार्डावर फोटो नव्हता. नाव शहनाझ, वय चौतीस. समोर उभ्या मैमुनाबी, पन्नाशी ओलांडलेल्या. मला दिसलं आणि मी बघितलं नाही. बरं केलं. पुन्हा तेच करीन.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पित्ताशय खड्यांनी गच्च भरलेलं. ऑपरेशन लगेच करायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल, म्हणाले. मी विमा कंपनीकडे मंजुरी मागितली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. या पेशंटचं पित्ताशय २०११ मध्येच काढलेलं आहे, तर ते परत कसं उगवलं, खुलासा करा.

मी कपाळावर हात मारला. शहनाझच्या ऑपरेशनची बिर्याणी मीच खाल्ली होती की! ती बरी होऊन आली तेव्हा मैमुनाबींनी डब्यातून सगळ्यांना वाटली होती. आणि आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

प्रकाश सर लालबुंद. "हा फ्रॉड आहे! क्लिनिकचं लायसन्स जाईल!" शहनाझला बोलावलं. तिची नोकरी आणि व्हिसा त्या कार्डावर टांगलेला, गावी दोन पोरं. मैमुनाबी पोट धरून खुर्चीत बसलेल्या.

सरांनी तोडगा काढला. "असं लिहू. कार्ड हरवलं होतं. कुणा अनोळखी बाईने ते वापरलं. ती निघून गेली. खलास. सगळे सुटले."

मैमुनाबी उठल्या. उठताना कळ आली असणार, चेहरा पांढरा पडला, पण आवाज असा चढला की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

"अनोळखी? पाच वर्षं माझ्या हातची भाकर खाल्ली तुम्ही, प्रकाशभाऊ. मीठ कमी खाता, मला ठाऊक. आणि मी अनोळखी? परत निघून गेली? एकाने मला पळवलंच आहे, आता तुम्ही पण पळवा!"

"अहो, तुमच्याच भल्यासाठी—"

"लिहा. कार्ड मैमुनाबीने घेतलं, शहनाझला न विचारता. चोर म्हणा, चालेल. नाव घालून म्हणा. मी इथेच उभी हाय."

शहनाझ रडत म्हणाली, "खाला, मीच दिलं होतं—" त्यावर मैमुनाबींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिचं तोंड मिटलं. आणि मग त्या उभ्या होत्या तिथेच खाली कोसळल्या.

मी अँब्युलन्स बोलावली. प्रकाश सर "अहो, आधी विचार तर करा" म्हणत होते. मी म्हटलं, विचार तुम्ही करा, तोवर मी फोन करते. सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्सने नाव विचारलं. मी जरा घुटमळले. स्ट्रेचरवरून आवाज आला, "मैमुनाबी. मालवणी मसाल्यासारखं कुटून नको, सरळ लिव."

ऑपरेशन झालं. तोवर कुणी कार्ड मागितलं नाही, ते नंतर मागितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी इमिग्रेशनचा माणूस आला, तरुण, नीट वागणारा. कार्डाचं विचारलं, ते मैमुनाबींनी पटकन कबूल केलं. मग तो कागद बघून म्हणाला, तुम कंपनीसे भागी थी.

मी हिंदीत समजावू लागले, तर मैमुनाबींनी मला हाताने गप्प केलं. "भागा वो! मैं यहींच थी। सबको खिलाती थी। ये भी लिखो।" त्याने लिहिलं की नाही, देव जाणे. पेन मात्र हललं होतं.

शहनाझची नोकरी वाचली. मैमुनाबींना वकिलातीच्या तात्पुरत्या कागदावर घरी पाठवायचं ठरलं, परत येण्यावर बंदी. निघताना त्या निरोप घ्यायला आल्या, तेव्हा प्रकाश सर क्लिनिकच्या दाराशी आले आणि त्यांनी रिकामा डबा धुऊन परत दिला. स्वतः धुतला होता म्हणे. कडेला साबण राहिला होता.

विमानतळावरचं मला त्यांनी दाभोळहून फोन करून सांगितलं. पिशवी तपासताना एका छोट्या बाटलीत खडे निघाले. हॉस्पिटलने दिलेले, हिरवट-काळे. तपासणीवाल्याने बाटली उजेडात धरली. ये क्या है? किसका है?

"मी म्हटलं, मेरा है! पढ, नाम लिखा है। त्याने वाचलं, मृणालताई. मोठ्याने. मै-मु-ना-बी."

पाच वर्षांत त्या देशात पुढे ‘पळालेली’ न लावता त्यांचं नाव लिहिलेली तेवढी एकच वस्तू त्यांच्याजवळ होती. ती त्यांनी हातात धरून विमानात नेली.